रेतीत पडून

धानाच्या रोवणीच्या दिवसांत राजेगावात भर दुपारी कोणी पडलेलं दिसलं, की ते तापानं फणफणलेलं तरी असायचं, नाहीतर शेवटच्या घटका मोजत.

अशात तेजरामचा दोस्त घनश्याम मेक्सिकोहून परतला. दोघंही तिथल्या खाणीत नोकरीला. तो थेट बांधावर आला, तेव्हा तेजरामची माय अनुसयाबाई रोवणी करत होती.

"माहा पोट्टा कसा आहे बाबू?"

"काकी, मी निघालो तवा समुद्राकाठच्या एका बारक्या गावात होता. हप्ताभर नुसता पडून."

तिच्या हातातली रोपांची जुडी गळाली.

"काही खाये का?"

"नारळपाणी पिये, अन् पुन्हा रेतीत पडे."

"डॉक्टर?"

"डॉक्टर कायचा? तिथं तं माणूसही दिसत नोता."

अनुसयाबाई मटकन चिखलातच बसली. "खरं सांग, जित्ता आहे ना रे?"

"अवं काकी, धडधाकट आहे! सुट्टी घेऊन आरामाले गेलता."

तिनं पदरानं डोळे पुसले. मग बांधीत रोपं लावायला वाकलेल्या बायांकडे एकवार पाहिलं आणि त्याला जवळ ओढून हळूच म्हणाली,

"गावात मात्र बिमार होता म्हणूनच सांगजो."