जोडाखालची फांदी

"हे बघा आणि मला सांगा, हे काय आहे," टेलरबाई म्हणाल्या आणि जायफळाच्या फुलांचा झुबका त्यांनी नर्सरीवाल्याच्या टेबलावर ठेवला.

नर्सरीवाल्याने कपाळावरचा चष्मा नाकावर आणला. एक फूल नखाने उभं चिरलं. आत फळ धरणारं पोट नव्हतं, नुसता परागाचा बारीक दांडा. त्याने दुसरं चिरलं, तिसरं चिरलं. तेच.

"नर आहे," तो म्हणाला. "निघतं एखादं असं. दहा माद्यांमागे एक नर लागतोच."

"एखादं नाही हो. बाराच्या बारा."

"शक्यच नाही."

त्याला खरोखरच तसं वाटत होतं. जायफळात नर झाड वेगळं, मादी वेगळी, आणि फळ धरते ती फक्त मादी. बी लावली तर काय निघेल ते फुलं येईपर्यंत देवालाही कळत नाही, म्हणून तर लोक त्याच्याकडे कलमं घ्यायला येत. बाईंची बाराही कलमं त्याने स्वतः बांधली होती, नर्सरीतल्या सगळ्यात लेकुरवाळ्या झाडाची फांदी घेऊन. मादीच्या फांदीचं कलम मादीच होणार. इकडची दुनिया तिकडे झाली तरी त्यात बदल नाही.

"मधे कुणी बदलली तर नाहीत?" त्याने विचारलं.

"माझी झाडं कोण बदलेल? पाच वर्षं मशीनवर बसले की समोर खिडकीत तीच दिसतात." बाईंचा आवाज चढला आणि एकदम बसला. "मुलाला त्या जागेत खोली बांधायची आहे. मी म्हटलं, फळं धरली तर झाडं राहतील, नाहीतर तू म्हणशील तसं. रविवारी तो करवतवाल्याला घेऊन येतोय. तुम्हीच म्हणाला होतात ना, बी विका, वरची जायपत्री त्याहून महाग विका, सालीचासुद्धा मुरंबा होतो? सगळं ऐकवलंय मी त्याला."

दोघं मागच्या त्या लेकुरवाळ्या झाडापाशी गेले. झाड पिवळ्या फळांनी लगडलं होतं. काही फळं उकलली होती आणि आतली जायपत्री लालभडक दिसत होती. नर्सरीवाल्याने झाडाकडे पाहिलं, हातातल्या फुलाकडे पाहिलं, पुन्हा झाडाकडे पाहिलं. त्याचं डोकंच चालेना. शंका घ्यायची तर स्वतःच्या हातांवर घ्यावी की समोरच्या झाडावर, तेही कळेना.

"फांदी कुठली घेतली होती?"

"ती, मधली. आडव्या फांदीचं कलम झुडपासारखं पसरतं. सरळ वर जाणारीच लागते."

बाईंनी वर पाहिलंच नाही. त्यांनी त्या फांदीला बोट लावलं आणि शिवणीवरून फिरवावं तसं खाली खाली आणलं. खोडावर एक जाड गाठ होती. नर्सरीवाल्याच्या वडिलांनी कधीकाळी एका नर झाडाचा शेंडा उडवून तिथे मादीचं कलम चढवलं होतं. बोट गाठीपाशी थांबलं नाही. तिला वळसा घालून आणखी वीतभर खाली गेलं.

"जोड इथे आहे ना?" बाई म्हणाल्या. "मग ही फांदी जोडाच्या खालून आली आहे."

नर्सरीवाल्याने वाकून स्वतः बोट लावून पाहिलं. जोडाच्या खाली जुना नर होता. त्याचाच फुटवा गर्दीतून वर निघाला होता, आणि सरळसोट होता म्हणून नर्सरीवाल्याच्या मनात भरला होता. त्या फांदीवर एकही फळ नव्हतं. झाडभर इतकी फळं असताना ते ध्यानातच आलं नव्हतं.

"असं कसं झालं?" त्याने बाईंनाच विचारलं.

"मला विचारताय?"

"चूक माझी. मी येतो. एक नर ठेवू आणि बाकीच्यांचे शेंडे उडवून मादीची कलमं चढवू. पैसे नकोत. तीन वर्षांत फळ धरेल."

"रविवार परवावर आलाय आणि तुम्ही तीन वर्षं सांगताय."

"मी बोलतो मुलाशी."

"काय बोलणार? शेंडे उडवलेली झाडं दाखवून, ही राहू दे म्हणणार?"

नर्सरीवाला झाडाकडे वळला. रिकाम्या हाताने तरी कसं पाठवायचं, म्हणून त्याने एक चांगलं उकललेलं फळ देठासकट तोडलं आणि त्यांच्या हातावर ठेवलं.

बाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं. देठ ओढून पाहिला. मग पिशवीतून हिरव्या दोऱ्याचं रीळ काढलं आणि रंग जुळतोय का ते देठाशी धरून पाहिलं.

"हे नको," त्या म्हणाल्या. "कच्ची बघून द्या, आणि जरा जास्त द्या. रविवारपर्यंत माझ्या फांद्यांवर टिकायला हवीत."

नर्सरीवाल्याने ते फळ परत घेतलं. मग शिडी आणायला गेला.