मास्तरांचा आवाज

कारखान्यात नव्या कामगारांना धातू कातायचं लेथ यंत्र शिकवणाऱ्या मास्तरांचा आवाज इतका गाजलेला, की दुसऱ्या कारखान्यांतले लोकही त्यांचं व्याख्यान ऐकायला यायचे. नेमकं त्यांच्याच घशाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी तीन महिने एक शब्दही बोलायला बंदी केली. यंदाची तुकडी बुडाली, असं मास्तरांनी धरूनच चाललं.

ते लेथजवळ नुसते उभे राहू लागले. शिकाऊ मंडळी एकमेकांना विचारायची, हमरीतुमरीवर यायची, चुकायची. चुकलं की मास्तर मान हलवायचे, मग पुन्हा पहिल्यापासून.

परीक्षेच्या दिवशी ते दाराबाहेर देव पाण्यात घालून बसले. परीक्षक बाई हसतच बाहेर आल्या.

"मास्तर, सगळेच्या सगळे पास! तुमच्या हाताखाली असं पहिल्यांदाच झालं हो."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी बोलायला परवानगी दिली. नवी तुकडी वह्या उघडून, कान टवकारून बसली होती. मास्तरांनी घसा खाकरला, समोरच्या मुलीच्या हातात पाना दिला आणि लेथकडे बोट दाखवून म्हणाले, "हे कसं चालत असेल, तूच सांग बघू."