मोगऱ्याची फांदी

पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरांत कस्तुराबाईंनी नुसती काठी रोवली तरी तिला पालवी फुटायची. शेजारी बदलून आलेल्या क्लार्कची बायको प्रभावती पावसाळाभर त्यांच्याकडून मोगऱ्याची फांदी मागून न्यायची. सांगितलं तसं शेणखत घालायची, सावलीत ठेवायची, तरी फांदी वाळायचीच. "घरात आम्ही दोघंच, काहीतरी वाढताना दिसावं हो," म्हणत ती पुन्हा कुंपणापाशी यायची.

त्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होता. गाड्या थांबलेल्या, सगळीकडं सामसूम. प्रभावती परत आलेली बघून कस्तुराबाईंना हसू आलं.

"माझंच चुकलं, आधी सांगाया पायजे होतं. मागून नेलेलं रोप जगत न्हाई बाई, चोरून न्यावं लागतंय. मी पाठ फिरवते, तुमी खुशाल तोडून घ्या."

त्या पाठ फिरवून फांदी मोडल्याच्या आवाजाची वाट बघत उभ्या राहिल्या. बराच वेळ आवाज आला नाही, म्हणून वळल्या. प्रभावती कुंपणाला धरून तशीच उभी होती.



"कस्तुराबाई, माझी तिन्ही लेकरं मी देवीकडं नवसानं मागूनच घेतली होती."