मिठाचा दगड

"हळू रे पोरांनो, त्याची मान सांभाळा," युलाली म्हणाली.

ट्रकवाले एकमेकांकडे बघून हसले. दगडाला कसली आलीय मान! संन्यासी शिलेदारांच्या मठातली ती थडग्याची शिळा. तलवार, चिलखत, जोडलेले हात, सगळं कोरलेलं. चेहरा तेवढा सपाट. शिलेदार गेले, मठ पडला, प्रार्थनाघराचा मेंढवाडा झाला. फ्रान्समधल्या या लार्झाकच्या माळावर मेंढ्यांना मीठ दगडावर घालतात, आणि या वाड्यात सोयीचा दगड हाच. पिढ्यान्‌पिढ्या चाटून मेंढ्यांनी शिलेदाराचे नाकडोळे फस्त केले होते.

"काय हे आजी!" संग्रहालयाचे साहेब हळहळले. "आता हा कोण, ते कसं कळायचं?"

युलालीला कळत होतं. तिचा मुलगा रेमी अल्जीरियाच्या लढाईत गेला, तो सापडलाच नाही. पुरायला काही नव्हतं. तेव्हापासून रोज संध्याकाळी मीठ घालून झालं की ती या शिळेपाशी घटकाभर बसायची. चेहरा नव्हता, हे तिच्या पथ्यावरच पडलं होतं.

छप्पर कोसळायच्या बेतात होतं. शिळा फुटू नये म्हणून नवऱ्याने, फुलक्राँने, ती देऊन टाकली होती. आता तो तिची नजर चुकवत टोपी चुरगाळत उभा होता.

"काळजी करू नका आजी," साहेब म्हणाले. "आमचा शिल्पकार याला नवा चेहरा करील. दुसऱ्या मठात असाच एक शिलेदार आहे, हुबेहूब त्याच्यासारखा करील. चांगला दाढीवाला!"

युलाली पुढे सरसावली.

"दाढी नको हो साहेब," ती कळवळली. "त्याला धड दाढी आलीच नव्हती."

"कुणाला?"

"निघा साहेब तुम्ही," फुलक्राँ म्हणाला. "घाटात अंधार होईल."

ट्रक गेला. संध्याकाळी मेंढ्या सवयीने त्याच जागी येऊन ओरडू लागल्या. फुलक्राँने कुंपणातला एक सपाट दगड आणून तिथे ठेवला. युलाली एप्रनच्या ओच्यात मीठ घेऊन नुसतीच उभी.

"घाल ना गं. बिचाऱ्या कधीच्या ओरडताहेत."

"अहो, रेमी हसला की खळी कुठल्या गालावर पडायची?"

लष्करातल्या एकुलत्या एका फोटोत रेमी हसला नव्हता. फुलक्राँलाही आठवेना. तिच्या ओच्यातलं मीठ मुठीने घेऊन तो त्या कोऱ्या दगडावर पसरू लागला.