बरं

"बोलताना दम लागतो का?" डॉक्टरांनी विचारलं.

"बोलतात कुठे आता?" गिरणीवाल्याची बायको कौतुकाने म्हणाली. "सहा महिन्यांत माणूस पार सुधारलाय, डॉक्टर. मी काहीही म्हटलं तरी यांचं आपलं 'बरं'."

कौतुक उगाच नव्हतं. पस्तीस वर्षं चक्कीच्या खडखडाटात ओरडून कमावलेला आवाज गिरणीवाला रोज घरी घेऊन यायचा. भांडणात तो कधी हरला नव्हता. मुद्दा संपला तरी आवाज शिल्लक असायचा. आणि आता पडद्याच्या रंगापासून व्याह्यांच्या मुक्कामापर्यंत सगळ्याला 'बरं'. उशिरा का होईना, संसार मार्गी लागला, असं तिने शेजारणींना सांगूनही टाकलं होतं.

डॉक्टर हसले नाहीत. मघाशी त्याला नळीत फुंकायला लावलं होतं, त्या तपासणीचा कागद त्यांनी तिच्यापुढे सरकवला. सिगारेट आणि पिठाची धूळ यांनी मिळून फुप्फुसातल्या नळ्या अरुंद केल्या होत्या. आत गेलेली हवा पुरती बाहेर पडत नव्हती.

"माणूस नकळत श्वास वाचवायला लागतो," डॉक्टर म्हणाले. "आधी जिना टाळतो. मग फिरणं. मग लांब वाक्यं. गेलं ते परत येत नाही. पण सिगारेट सुटली, धूळ सुटली, श्वासाचा पंप रोज नीट घेतला, तर आहे ते सांभाळता येतं."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तो मध्येच थांबला. तीही थांबली. सहा महिन्यांतले सगळे विजय तिला एकदम आठवले.

"अहो, भांडा की माझ्याशी," ती म्हणाली. "मला मेलीला वाटलं, तुम्हाला माझं पटतंय. इथे तुम्हाला बोलायला श्वास पुरत नव्हता!"

त्याने कठडा धरला. ओठांचा चंबू करून सावकाश हवा सोडली. एरवी एवढ्या वेळात तिची चार वाक्यं झाली असती. आज ती वाट बघत राहिली.

"नव्हता पुरत," तो म्हणाला. "म्हणून गप्प बसलो."

पुन्हा एक श्वास.

"गप्प बसल्यावर पहिल्यांदाच ऐकू आलं, तू काय म्हणतेस ते. मग, अगं... खरंच पटायला लागलं."