किनखाबाचा ब्लाऊज

"हे घालून विहारात आलीस तर लग्न लागायचं न्हाय, सांगून ठेवतो!"

तात्यारावांनी ब्लाऊज खाटेवर आपटला. उद्या श्रावस्तीचं लग्न, आणि तेर गावच्या विहार कमिटीचे अध्यक्ष आज तिच्याच घरात गरजत होते. वर नात्यानं चुलत आजोबा. म्हणजे उलट बोलायची सोयच नाही!

कापड चिनी किनखाबाचं. श्रावस्तीच्या भावानं, प्रसेनजितनं, बुद्धगयेहून आणलेलं. लालभडक रेशमात जरीची कमळं, शंख, जोडमासे, धम्मचक्रं. होतं जेमतेम मीटरभर. श्रावस्ती गावात शिवणकाम करते, पण ह्या कापडाला कात्री लावायला तिनं आठ दिवस घेतले. पाठीवर मासा माशाला अस्सा जुळवला, की शिवण शोधून सापडू नये. पांढऱ्या साडीवर काय उठून दिसलं असतं ते!

तात्यारावांना मासे दिसलेच नाहीत. कमळांच्या मधली बारीक नक्षी दिसली. स्वस्तिकांची जाळी.

"आजोबा, चीनमधी हे बुद्धाचंच चिन्ह हाय," प्रसेनजित म्हणाला. "मूर्तीच्या छातीवर असतंय."

"चीनचं चीनमधी! माझ्या बापानं धम्म घेतला, घरातले देव तेरणेच्या पाण्यात सोडले. गावानं पाणी तोडलं, तरी मागं वळून बघितलं न्हाय त्यानं. आन ही पोरगी पाठीवर स्वस्तिक मिरवणार?"

 म्हाताऱ्याचा राग खोटा नव्हता, हीच तर पंचाईत! श्रावस्तीला रडू फुटलं. तिनं कात्री उचलली. एकेक स्वस्तिक कातरायचं तर ब्लाऊजची चाळणच झाली असती, तरी तिनं पहिल्या स्वस्तिकाला टोक लावलं.

"ठिव ती कात्री."

सरुबाई बोलल्या. श्रावस्तीची आजी, तात्यारावांची थोरली वहिनी. वय ऐंशीच्या पुढं. दिरासमोर त्यांनी आजवर आवाज चढवला नव्हता. त्या उठल्या आणि कोपरापर्यंतची बाही पार खांद्यापर्यंत सारली. सुरकुतल्या दंडावर हिरवं गोंदण होतं. स्वस्तिकाचं.



"धम्म घ्यायच्या आदी आयनं गोंदवलंय, भावजी. म्या धा वर्साची पण नव्हते. लाज वाटायची, म्हणून जलमभर झाकलं. आता न्हाय झाकणार. तुमी पोर होता, तवा पंचशील पाठ केलं ते माझ्याच तोंडून. हेच हात जोडून शिकवलं म्या."

त्यांनी गोंदलेला दंड दिरापुढं धरला.

"उद्या विहाराच्या दारात उभं ऱ्हावा," सरुबाई म्हणाल्या. "आदी ह्या हाताला धरून मला भाईर काढा. मंग नवरीचं बगा."