शिडी

शनिवारी बाबा शिडीवर चढून बेकरीची पाटी रंगवत होते आणि मी खाली शिडी धरून उभी होते. आतल्या कानाच्या ऑपरेशननंतर त्यांचा डावा कान कायमचा गेला होता, पण वर्षानुवर्षांची भोवळही गेली होती.

"घट्ट धर गं, नाहीतर तुझा बाप थेट पावांच्या टोपलीत!"

"धरलीय. तुम्ही पाटीकडे बघा."

रस्ता माझ्याभोवती गरगर फिरत होता. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. एक कान देऊन बाबांनी घराबाहेर काढलेलं दुखणं मला पुन्हा घरात आणायचं नव्हतं.

रविवारी पहाटे बाबा झोपेतच गेले.

काही दिवसांनी मी बेकरीवर शिडी आणायला गेले, तर ती हलेना. वरचं टोक भिंतीतल्या कडीला दोरानं करकचून बांधलेलं होतं.

"बांधलेलीच होती, तर मला कशाला धरायला लावायचे?"

बेकरीवाला वर चढून गाठ सोडू लागला. "मीही विचारलं होतं. म्हणाले, शिडी नाही हो पडायची, पोरगी पडेल. तिला चक्कर येते, पण सांगत नाही. धरायला काहीतरी हवं तिला."

दुसऱ्या दिवशी मी बाबांच्याच डॉक्टरांसमोर बसले. टेबलाची कड सोडली आणि स्पष्ट म्हणाले, "डॉक्टर, मलाही चक्कर येते. ऑपरेशन लागलं तरी चालेल. बाबांची बेकरीची पाटी अर्धी राहिलीय, मला शिडीवर चढायचंय."